हरलेल्याच्या हातचा नारळ

यंदा आमच्या गावची टीम एकूण एक सामना हरली. पूर्वी असं हरणं गावच्या वेशीच्या आत राहायचं, आता ते जमत नाही. चाळिशी उलटलेल्यांच्या स्पर्धेलाही हल्ली दिवे लागतात, मोबाइलवर थेट दाखवतात, दोघं जण बसून सतत बोलत असतात, आणि आपला माणूस कॅच सोडतो ते पनवेलच्या खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर मेथी निवडत बसलेल्या मलाही दिसतं, तेही तीन-तीनदा आणि सावकाश. शेवटचा सामना हरल्यावर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण लागलं. गावाच्या इतिहासातली सगळ्यात वाईट टीम हीच, की आणखी कुठली? माझा भाचा महेश याच टीममध्ये ओपनिंगला जातो आणि लगेच परत येतो. त्यानेच मला विचारलं, "आत्या, तू सगळ्या टीम बघितल्यास. खरं सांग, आम्हीच ना सगळ्यात खराब?" मी लिहिलं, "बाळा, एवढं हरायला घराणं लागतं. ते तुझ्याकडे आहे. पण मेहनत अजून कमी पडते." त्यावर महेशच्या बापाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, दत्तूने, नुसता एक हसरा चेहरा पाठवला. दत्तू सहसा ग्रुपवर काही पाठवत नाही. तो चेहरा बघितला आणि मेथी बाजूला ठेवून मी हे लिहायला बसले.

आमचं घर गावातलं शेवटचं, खाडीच्या बाजूचं. त्यानंतर खारजमीन, मग बांध, मग चिखल आणि तिवरं. बाबा, म्हणजे गणपत, पावसाळ्यात भात लावायचे आणि उन्हाळ्यात मिठागरावर कामाला जायचे. त्यामुळे त्यांच्या टाचा कायम फुटलेल्या आणि त्यांच्या अंगाला मिठाचा एक कोरडा वास. घरात सकाळपासून आवाज असायचे. आईच्या तांदळाच्या भाकरीची थाप, बंबात सरपण फुटल्याचा आवाज, भरतीच्या वेळी उघाडीच्या फळ्यांवर धडकणारं पाणी. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात ठेवलेलं फळ्यांचं दार. त्या फळ्या काढणं-लावणं बाबांकडे होतं. आणि या सगळ्यावर खुंटीला टांगलेला ट्रान्झिस्टर. त्यावर कसोटी सामना लागला की बाबा कान लावून बसायचे. इंग्रजी त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण लोकांच्या गलक्यावरून ते बरोबर सांगायचे, "गेला. ह्यो पन गेला." हरणाऱ्या बाजूच्या गलक्याची त्यांना चांगली पारख होती, आणि त्याला कारण होतं.

बाबा तरुणपणी एक वर्ष गावच्या टीमचे कॅप्टन होते. त्या वर्षी गाव सगळे सामने हरलं. एका सामन्यात तर अख्खी टीम इतक्या लवकर बाद झाली की पलीकडच्या गावाहून बैलगाडीने बघायला आलेली मंडळी बैल सोडण्याआधीच परत फिरली, असं सांगतात. पुढच्या वर्षी बाबांच्या हातून कॅप्टनकी गेली. पण त्याच वर्षी, मोसमाचा पहिला नारळ गावदेवीपुढे फोडायच्या वेळी, म्हाताऱ्या भगताने सगळ्यांना थांबवलं. म्हणाला, "ज्या कॅप्टनच्या हाताला जिंक कंदी लागलीच नाय, त्याच्या हातानं फोडा. त्याची हार सगली हून गेली. आता ती परत कशाला येल?" लोकांना हे पटलं, म्हणजे मजेशीर वाटलं, आणि नारळ बाबांच्या हाती आला. योगायोग असा की त्या वर्षी गाव चांगलं खेळलं. झालं! तेव्हापासून दर वर्षी भाताची कापणी-मळणी उरकली, रान मोकळं झालं की पहिला नारळ बाबांचा. पुढच्या प्रत्येक कॅप्टनने निदान एखादा तरी सामना जिंकला होता, त्यामुळे बाबांचा हा मान कोणी हिसकावून घेऊ शकत नव्हतं.

मान म्हणायचं, पण सगळं गाव फिदीफिदी हसायचं. बाबा ट्रंकेतला लग्नातला सदरा काढायचे, केसांना पाणी लावायचे आणि एखाद्याला अंत्ययात्रेला बोलावलं असावं तसं तोंड करून देवळाकडे निघायचे. वाटेत बायका दारात उभ्या राहायच्या. एकदा नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही, तेव्हा शेजारचे नारायणकाका ओरडले, "नारलाशी पन हरला रे!" हे नारायणकाका बाबांच्याच त्या टीमचे विकेटकीपर. पण त्यांच्याकडे कधी कोणी बोट दाखवलं नाही. टीम हरते तेव्हा नाव एकट्या कॅप्टनचं राहतं, बाकीचे दहा जण नंतर प्रेक्षक होतात. मला शाळेत 'भोपळा कॅप्टनची पोर' म्हणायचे. मी गणितात पहिली येत होते, पण हे नाव पुसलं गेलं नाही. नारळ फोडून आले की बाबा सदरा काढून खुंटीला लावत आणि दर वर्षी तेच बोलत, "पुढल्या साली कोनतरी गवसंल."

तो 'कोणतरी' गवसला, तो आमच्याच घरात.

दत्तू कॅप्टन झाला, कारण बॅट त्याची होती. नवीकोरी, पनवेलच्या दुकानातून आणलेली. तिच्यासाठी त्याने एक उन्हाळा मोऱ्याच्या मासळीच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या उचलल्या होत्या. बॅट देणार असशील तर कॅप्टन तूच, असं पोरांनी ठरवलं. पण त्या वर्षी गावचा जोरात चेंडू टाकणारा एकुलता एक गडी बंदरात नोकरीला लागला, आणि रविवारी त्याची पाळी यायची. चांगला झेल घेणारा होता त्याच्या पायात मिठागरावर काच घुसली. उरलेल्यांत दत्तूसकट सगळे उत्साही होते, एवढंच त्यांच्याबद्दल चांगलं सांगता येईल. पहिला सामना हरले. दुसरा हरले. तिसऱ्यात जिंकायची वेळ आली होती, तर दोघं एकाच टोकाला धावले आणि तिथे उभं राहून एकमेकांशी भांडत बसले, तोवर पलीकडचे स्टंप एकाने चालत जाऊन उडवले.

आणि बाबांची भूक वाढली. हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. रविवारी दत्तू धुळीने माखून, मान खाली घालून घरी यायचा, न बोलता न्हाणीत जायचा, आणि इकडे बाबा सुक्या जवळ्याच्या चटणीबरोबर एक भाकरी जास्त मागायचे. तिसऱ्या पराभवानंतर तर त्यांनी चक्क गुणगुणत हात धुतले. आई उलथनं हातात घेऊन चुलीपासून उठली. "पोरगा हरतंय नि तुमाना भूक लागतंय? बापूस हाव का कोन?"

"मी कुठं काय बोललो?" बाबा म्हणाले. "भात नवा हाय, म्हनून जातंय जास्त."

आता मागे वळून बघताना मला बाबांचा राग येत नाही. इतकी वर्षं एकट्याने वाहिलेलं ओझं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाताना दिसलं तर माणूस आधी हुश्श करतो. ते डोकं कोणाचं आहे, हे जरा उशिरा बघतो. तेव्हा मात्र मला भयंकर राग आला होता आणि मी दोन दिवस त्यांच्या तांब्यात पाणी भरलं नाही.

थंडी सुरू झाली तशी आमच्या ओटीवर रोज संध्याकाळी कोर्ट भरू लागलं. पोपटीचे दिवस ते. वालाच्या ताज्या शेंगा, मीठ, ओवा, मधे चार अंडी, असं सगळं मडक्यात भरायचं, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचं आणि मडकं उपडं ठेवून वरून पेंढा पेटवायचा. शेंगा भाजल्याचा आणि त्या पाल्याचा वास उठला की बोलावणं धाडावं लागत नसे. माणसं येत, बोटं भाजत शेंगा सोलत, आणि वाद एकच, कोण जास्त वाईट? गणपतची टीम की दत्तूची?

भगताच्या नियमाप्रमाणे नारळ कधीच न जिंकलेल्या कॅप्टनचा. आतापर्यंत तसा एकटा गणपत होता. दत्तू सगळे सामने हरला तर तसे दोघं होणार, आणि मग दोघांतल्या जास्त वाईटाला नारळ जाणार. म्हणून तुलना करणं भाग होतं, आणि ती आमच्या गावाने अशा बारकाईने केली की काय सांगू. नारायणकाका न्यायाधीश. त्यांचं म्हणणं, धावांनी हरणं आणि विकेटनी हरणं एकाच मापाने मोजायचं नाही. धावांनी हरलेला निदान शेवटपर्यंत बॅट धरून असतो. कोणी म्हणे, त्या वेळच्या रानात भाताची धसकटं असायची, चेंडू कुठेही उडायचा, तेव्हा गणपतला सूट द्या. दुसरा म्हणे, मग त्याच धसकटांवर समोरची टीम कशी खेळली? तिसऱ्याचं म्हणणं, गणपतकडे सुताराने फळीतून काढलेली बॅट होती. फळी घेऊन हरणं समजतं, दुकानातली बॅट घेऊन हरणं म्हणजे जास्त हरणं. इथे दत्तूचं पारडं जड झालं. मग कोणीतरी सगळ्यात मोठा मुद्दा काढला, "गनपत सासुरवाडीशी हरला व्हता! सासुरवाडीची हार डबल!"

हे खरं होतं. आईचं माहेर उरणच्या बाजूला. बाबांचं नुकतंच लग्न झालेलं, आणि त्याच वर्षी ते मेव्हण्यांच्या टीमशी असे हरले की आईला दिवाळीला माहेरी जायची लाज वाटली होती. यावर बाबा पहिल्यांदाच आपल्या बाजूने लढायला उठले. आयुष्यभर ज्या मोसमाचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जायचे, त्याच मोसमाचे ते आता वकील झाले. "त्या मॅचला आमी झुंजलो," ते म्हणाले. "शेवटपरत झुंजलो. मना ताप व्हता."

"ताप तुला हरल्यावर आला," नारायणकाका म्हणाले.

दत्तू त्या वेळी ओटीच्या कडेला बसून शेंगा सोलत होता आणि कुणाकडे बघत नव्हता. आई आतून ओरडली, "माझ्या म्हायेराचं नाव काढायचं आसंल तर शेंगा ठेवा खाली." सगळे हसले, वाद पुढच्या संध्याकाळवर गेला. हल्ली टीव्हीवर आकड्यांचे तक्ते दाखवत तज्ज्ञ लोक असाच वाद घालताना बघते, तेव्हा मला त्यांच्यात भाजलेल्या बोटांची उणीव वाटते.

शिमगा जवळ आला. दत्तू शेवटचा सोडून सगळं हरला होता, आणि शेवटचा सामना आईच्या माहेराशी, त्यांच्याच रानात. नारायणकाकांनी निकाल जवळपास देऊन टाकला होता. हाही हरला की सासुरवाडीचा मुद्दा निकालात निघतो, कारण आजोळाशी हरणं त्याहून कमी नाही, आणि दुकानातल्या बॅटचा मुद्दा उरतोच. नारळ दत्तूचा.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी किटलीतून चहा घेऊन उघाडीवर गेले. बाबा आणि दत्तू फळ्या बसवत होते. भरती लागायला आली होती. एक फळी खाचेत बसत नव्हती, बाबा तिला वरून ठोकत होते आणि दत्तूने खालून धरली होती. मधेच दत्तू म्हणाला, "बाबा, नारल फोडताना सगली हसतान. तवा तुमी कुठं बगता?"

बाबांचा ठोकायचा हात थांबला. "तुला काय करायचं?"

"नाय, म्हंजे," दत्तू म्हणाला, "पुढल्या साली मना लागंल ना. म्हनून आताच विचारून ठेवलं."

तो चेष्टेने बोलला नव्हता. एखाद्या कामाची रीत विचारावी तसं त्याने विचारलं. बाबांनी फळी ठोकली, माझ्याकडून चहा घेतला, आणि तो न पिताच कप मला परत दिला. त्या संध्याकाळी ट्रान्झिस्टर लागला नाही. आईने निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या त्या छोट्या माशांचं, कालवण केलं होतं. बाबांना त्याहून प्रिय काही नव्हतं, तरी त्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली. आईने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला आणि मला विचारलं, "याना झालं काय?" मला कळलं होतं, पण सांगता येईना. इतकी वर्षं ज्याला ते गमतीतला मान म्हणत, चेहरा ताठ ठेवत आले होते, तो मनाला कसा लागतो हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं. आता तो त्यांच्या पोराच्या वाट्याला येणार होता, आणि पोराच्या हरण्यावर ते मोसमभर भाकऱ्या जास्त खात होते. मला त्यांची फार दया आली. मी त्यांचा तांब्या भरून उशाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी गावदेवीच्या पारावर पोरं जमली असताना बाबा तिथे गेले आणि म्हणाले, "शेवटच्या मॅचला कॅप्टन मी."

आधी कोणाला कळलंच नाही. मग नारायणकाका म्हणाले, "अरं गनपत, गल्यातली घंटी आता सुटतंय, तर परत कशाला बांधून घेतोस? हरलास तर दोन वर्सांचा हरलेला होशील. मग मरेपरत कोन तुझा नारल काढून घेत नाय!"

"नाय तर नाय," बाबा म्हणाले. "नुसतं बगून कंटाला आला."

दत्तू उठून उभा राहिला. म्हणाला, टीम माझी आहे, हरली ती मी हरवली, बॅटही माझी आहे. बाबा म्हणाले, "बॅट तुझी हाय. पन तू माझा हायस. बस खाली." दत्तू बसला. घरी आईने कपाळावर हात मारून घेतला. "या वयात माझ्या म्हायेरी जाऊन नाक कापून घेनार?" बाबा शांतपणे म्हणाले, "नाक हाय कुठं आता?"

रविवारी आम्ही सगळे एसटीने गेलो. आणि इथे एक गोष्ट अशी झाली की जिचा कोणी विचारच केला नव्हता. बाबा कॅप्टन म्हणून आले होते, पण त्या गावात ते जावई होते. वर्षा-वर्षांत पाऊल न टाकणारा जावई दारात आला म्हटल्यावर हरीमामाने, आईच्या थोरल्या भावाने, पहाटेपासून चूल पेटवली होती. वडे, मटण, वर तांदळाची खीर. जावयाला एकट्याने जेवायला बसवणं बरं दिसत नाही, म्हणून मामाकडची सगळी टीम पंगतीला. आग्रह असा की जावई 'नको' म्हणेपर्यंत मामाकडच्यांनी हात आखडायचा नाही. बाबांनी काळजीने घास मोजूनमापून, अगदी सावकाश खाल्ले, आणि 'नको' म्हणायला बराच वेळ लावला. आमची पोरं हरल्याच्या शरमेने मान खाली घालून दोन वड्यांवर उठली. मामाकडची पोरं वडे खात राहिली. मुद्दाम केलं का, असं मी बाबांना पुढे कितीदा तरी विचारलं. ते म्हणायचे, "वडे चांगले व्हते."

रान मामाच्या मिठागराला लागून होतं. तिकडे खेळपट्टीवरच्या रेघा चुन्याने नाही, मिठाने आखायचे. अंपायर खुद्द हरीमामा, आणि मामासारखा सरळ माणूस त्या खाडीच्या दोन्ही काठांना नव्हता. बाबांसाठी सीमेवर एक खुर्ची मांडली होती, जावयाची म्हणून. आईने मात्र जाहीर केलं की ती कोणत्याच बाजूला बसणार नाही, आणि मला घेऊन ती बरोबर मधल्या बांधावर, एका टोकाच्या रेघेच्या समोरासमोर बसली. डाव सुरू व्हायच्या आधी एक बकरी आली आणि त्या रेघेचा अर्धा भाग चाटून गेली. मीठ पुन्हा टाकू म्हणाले, पण तेवढ्यात सामना सुरू झाला आणि ते राहून गेलं.

मामाची टीम आधी खेळली. त्यांच्यातले दोघं धावता धावता पोटावर हात ठेवून वाकले. एक जण धावायला नकोच म्हणून नुसतेच उंच फटके मारत होता आणि दत्तूच्या हातात गेला. आमच्यासमोर उद्दिष्ट छोटं आलं. तरी आमची पोरं ती आमचीच, ती एकामागून एक परत येऊ लागली. शेवटी खेळपट्टीवर दत्तू उरला, आणि बाबा खुर्चीवरून उठले. धोतराचा काचा मारला, दत्तूची बॅट एकदा हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "जड हाय रे." सगळं रान हसलं. आईने पदर तोंडात धरला.

मग काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही, कारण अर्धा वेळ मी डोळे मिटले होते. बाबा बाद होत नव्हते. ते काही खेळत होते असं नाही, पण चेंडू बॅटीला लागत होता. दत्तू पलीकडून ओरडत होता, "पला, बाबा, पला!" आणि आमचे बाबा, मिठागरावर फुटलेल्या टाचांनी, पळत होते. आपण इथे हरायला आलोय, आपल्या नावावर हार लिहून घ्यायला आलोय, हे ते साफ विसरले होते. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. बाबांनी चेंडू बांधाकडे टोलवला. एक धाव झाली. दुसरीला ते वळले, बॅट छत्रीसारखी काखेत मारली आणि आमच्या दिशेने धावत सुटले. चेंडू आला, स्टंप उडाले, ओरडा झाला. मी बरोबर समोर होते. डोळे उघडे होते. बाबांचा पाय रेघेच्या आत होता. मीठ त्यांच्या टाचेमागे पडलं होतं. हरीमामाने एक क्षण बघितलं आणि मान हलवली. नाबाद.

आम्ही जिंकलो! दत्तूने बाबांना उचललं. पोरं नाचली. बाबा वरून हसत होते, दात दाखवून, आणि मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आई मधल्या बांधावर बसून आधी हसली, मग माहेरचं आठवून गप्प झाली, मग पुन्हा हसली.

तेवढ्यात नारायणकाका म्हणाले, "थांबा." न्यायाधीश तो न्यायाधीशच. त्यांनी बोटं मोजत हिशेब मांडला. "गनपत कॅप्टन, गनपत जिंकला. म्हंजे गनपतच्या हाताला जिंक लागली. आता नारल त्याचा नाय. आनि दत्तू कॅप्टन व्हता तवा सगल्या मॅची हरला. म्हंजे जिंक कंदी न लागलेला कॅप्टन आता एकच. दत्तू." आणि ते खुशीत म्हणाले, "वाद मिटला!"

खरंच, नियमाला धरून बघितलं तर त्यात खोट नव्हती. पोरं हसायला लागली. कोणीतरी "भोपला कॅप्टन!" असं ओरडलंसुद्धा, आणि दत्तूनेही हसून हात वर केला, पण त्याने बाबांना खाली ठेवलं होतं. बाबा उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू गेलं. त्यांनी एकदा दत्तूकडे बघितलं, एकदा त्या रेघेकडे, आणि मोठ्याने म्हणाले, "मी आऊट व्हतो."

सगळे त्यांच्याकडे वळले. "पाय भायेर व्हता माझा," बाबा म्हणाले. "मी जावई म्हनून हरीनं दिला नाय."

हरीमामाचा चेहरा लाल झाला. "दाजी, काय बोलता? मी पाह्यला. पाय आत व्हता. आनि जावई म्हनून मी? बकरीची शपथ घेऊ का गावदेवीची?"

"रेघ बकरीनं चाटली. तुला दिसली नाय."

"मना दिसली! मीठ तुमच्या टाचेमागं व्हतं!"

मामाच्या गावची पोरं पोट धरून पुढे सरकली. जिंकायची संधी चालून आली होती, आणि बाद होणारा स्वतःच म्हणत होता. आमची पोरं बाबांना गप्प बसवायला बघत होती. बाबा ऐकेनात. आयुष्यातला एकच विजय हाती आला होता आणि ते तो भर रानात, मेव्हण्याशी भांडून, परत करत होते. दत्तू पुढे आला, "बाबा, ऱ्हाऊंदे. फोडंन मी नारल." बाबा त्याच्यावर इतक्या जोरात खेकसले की तो मागे सरला. मग त्यांनी आईकडे बघितलं. आईने एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला नवरा असा विचार करून नजर खाडीकडे वळवली. म्हणून त्यांनी मला हाक मारली.

"सुंदे, तू समोर बसली व्हतीस. सांग सगल्याना. पाय कुठं व्हता?"

मी उभी राहिले. बाबा घामाने निथळत होते, काखेत दत्तूची बॅट होती, आणि ते माझ्याकडे असं बघत होते की मला रडायलाच येईल असं वाटलं.

"भायेर," मी म्हटलं. "चांगला वीतभर भायेर."

हरीमामा माझ्याकडे बघत राहिला. त्याला ठाऊक होतं की मी खोटं बोलते आहे, आणि मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. मग त्याने दत्तूकडे बघितलं, बराच वेळ. सामना संपून किती तरी वेळ झाला होता, तरी त्याने रीतसर हात वर केला आणि बोट उभं केलं. मामाच्या पोरांनी आरोळी ठोकली. नारायणकाका पुन्हा बोटं मोजू लागले, आणि हिशेब परत गणपतवर येऊन थांबला. बाबा ताठ मानेने, नुकतेच बाद झाल्यासारखे, आमच्या बांधाकडे चालत आले आणि माझ्याजवळ आल्यावर खाली वाकून कुजबुजले.

"वीतभर काय गं? चार बोटं सांगायचं. येवडा काय मी हलू पलालो नाय."